पाय घसरलेल्यांचे काय करावे?



धर्म बदलणे हे एका दिवसाचे काम आहे; धर्म पाळणे हे जन्माचे काम आहे. दीक्षेच्या दिवशी हजारोंच्या समुदायात उभे राहून प्रतिज्ञा म्हणताना मनाला केवढे बळ येते! पण घरी परतल्यावर ज्याचे त्याला एकट्यानेच परिस्थितीशी झुंजावे लागते. मूल तापाने फणफणते, म्हातारी आई मरीआईच्या नावाने रडू लागते आणि कोणीतरी गुपचूप अंगारा घेऊन येतो. देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले असे सगळ्यांना सांगितलेले असते; पाच वर्षांनी ते ज्वारीच्या कणगीत सापडतात. १९९० साली केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. तोपर्यंत कितीतरी घरांत कागदावर एक धर्म आणि मनात दुसरा, अशी ओढाताण चालली होती. ती कोणी हौसेने केली नव्हती.

अशा माणसाचे, अशा घराचे आपण काय करावे? वस्तीत याची दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, ‘त्याला वाळीत टाका. त्याच्या घरचे पाणी पिऊ नका, लग्नाला जाऊ नका. तो बाटलेला आहे.’ दुसरा म्हणतो, ‘बैठक बोलवा, दंड करा, धाक दाखवा, म्हणजे सुतासारखा सरळ येईल.’ दोघांचाही हेतू चांगला असतो. धम्म टिकावा असेच दोघांना वाटते. म्हणूनच या दोन्ही उत्तरांची पारख करणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न जगात पहिल्यांदा आपल्यापुढेच आला असे मात्र नाही. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत, म्हणजे आजच्या ट्युनिशिया आणि अल्जीरिया या देशांत, नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांपुढे तो उभा राहिला. त्यांनी वरची दोन्ही उत्तरे वापरून पाहिली, शंभर-दीडशे वर्षे वापरून पाहिली. त्यांचे काय झाले हे आपण समजून घेतले, तर आपल्याला तोच खड्डा पुन्हा खणावा लागणार नाही.

दाखल्याची गोष्ट

इसवी सन २४९ मध्ये डेशियस हा रोमचा सम्राट झाला. त्याने आज्ञा काढली की, साम्राज्यातील सर्वांनी रोमच्या देवतांना बळी अर्पण करावा, मद्य वाहावे, बळीचा प्रसाद खावा आणि हे सर्व केल्याचा सरकारी दाखला घ्यावा. या दाखल्याला लॅटिन भाषेत ‘लिबेलस’ म्हणत. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. २५० सालचे हे पपायरसचे कागद आजही वाचता येतात. अर्जदाराचे नाव, गाव, आपण देवतांना नेहमीच भजत आलो असे निवेदन, आणि खाली साक्षीदारांच्या सह्या, असा त्यांचा ठरावीक नमुना आहे. तालुक्याच्या कचेरीत दाखल्यासाठी उभा राहिलेला कोणीही माणूस तो कागद पाहताच ओळखील.

दाखला नसेल तर तुरुंग, मालमत्तेची जप्ती, हद्दपारी, प्रसंगी मरण. कार्थेज शहरातील ख्रिस्ती लोकांची त्रेधा उडाली. काहींनी ठाम नकार दिला व छळ सोसला. पुष्कळांनी मात्र माघार घेतली. अशा माघार घेतलेल्यांना ‘लाप्सी’, म्हणजे ‘पडलेले’, असे नाव पडले. त्यांच्यातही प्रकार होते. कोणी प्रत्यक्ष बळी दिला होता. कोणी नुसता धूप टाकला होता. कोणी बळीही दिला नाही आणि धूपही टाकला नाही, पण अधिकाऱ्याला पैसे चारून खोटा दाखला मिळवला होता. या शेवटच्या प्रकाराला ‘लिबेलाटिसी’ म्हणत. आपण त्यांना ‘दाखलेवाले’ म्हणू या.

छळ थांबला तेव्हा हे पडलेले लोक चर्चच्या दारात येऊन रडू लागले. आता त्यांना आत घ्यावे की नाही?

त्या वेळी कार्थेजचा बिशप सिप्रियन नावाचा होता. वक्तृत्वाचा शिक्षक, सुखवस्तू, आणि ख्रिस्ती होऊन त्याला फार वर्षे झाली नव्हती. छळाच्या काळात तो शहर सोडून लपून राहिला होता आणि तेथून पत्रे लिहून कारभार पाहत होता. त्यामुळे त्याला बोल लावणारेही होते. त्याने २५१ साली बिशपांची सभा बोलावली. सभेने एकाच फुटपट्टीने सर्वांना मोजले नाही. ज्यांनी खोटा दाखला घेतला होता, त्यांची प्रत्येकाची चौकशी करून त्यांना परत घ्यावे. ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला, त्यांनी दीर्घकाळ प्रायश्चित्त करावे आणि मरणसमयी तरी त्यांना जवळ घ्यावे, असे ठरले. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांनाच आत घेण्यात आले. संकट येत असताना माणसाला उघड्यावर ठेवू नये, असा तो विचार होता.

रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या विद्वानाला हे मान्य झाले नाही. पडलेल्यांना परत जागा नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने वेगळे चर्च काढले, आणि ते पुढे कित्येक पिढ्या चालले. आणि सिप्रियन? २५७ साली पुन्हा छळ सुरू झाला, तेव्हा तो पळाला नाही. २५८ साली कार्थेजलाच त्याचा शिरच्छेद झाला. एकदा लपलेला माणूस दुसऱ्यांदा ताठ उभा राहू शकतो, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. एका प्रसंगावरून माणसाचा कायमचा निकाल लावणाऱ्यांना सिप्रियनचे आयुष्य हेच उत्तर आहे.

ग्रंथ हवाली करणारे

पन्नास वर्षांनी त्याहून मोठे संकट आले. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियनने चर्च पाडण्याचा आणि ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. ज्यांनी भीतीने ग्रंथ सरकारी माणसांच्या हाती दिले, त्यांना ‘ट्राडिटोर’, म्हणजे ‘हवाली करणारे’, असे म्हणू लागले. इंग्रजीत देशद्रोह्याला जो शब्द आहे, तो याच शब्दापासून आला.

सिर्टा गावातील एका झडतीचा सरकारी पंचनामा पुढच्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. तारीख १९ मे ३०३. नगराचा प्रमुख ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेच्या घरी आला आणि त्याने ग्रंथ मागितले. बिशप पौल समोर बसून होता. मग एकेक वस्तू लिहून घेतली गेली : २ सोन्याचे प्याले, ६ चांदीचे प्याले, दिवे, समया, आणि पुढे बायकांचे ८२ अंगरखे, पुरुषांचे १६, बायकांच्या पायताणांचे ४७ जोड, पुरुषांचे १३ जोड. हे बहुधा गोरगरिबांना वाटण्यासाठी ठेवलेले कपडे असावेत. ग्रंथ मात्र वाचकांच्या, म्हणजे सभेत धर्मग्रंथ वाचून दाखवणाऱ्यांच्या, घरी होते. मग अधिकारी त्या घरांची दारे ठोठावत फिरला आणि बहुतेकांनी पोथ्या काढून दिल्या.

बंधू-भगिनींनो, तो पंचनामा वाचताना राग येण्याआधी माणूस गप्प होतो. दारात सरकार उभे आहे, घरात मुलेबाळे आहेत. अशा वेळी पोथी काढून देणाऱ्याला दुष्ट म्हणावे की दुबळा म्हणावे? दोहोंत फरक आहे, आणि तो फरक न करणारा न्याय हा न्याय नव्हे.

दुसरीकडे वीरही होते. अबिटिना गावचे ४९ स्त्री-पुरुष ३०४ साली पकडले गेले. त्यांच्या बिशपने ग्रंथ देऊन टाकले होते, तरी हे लोक जमून उपासना करीतच राहिले होते. त्यांनी छळ सोसला पण माघार घेतली नाही. त्यांच्यापुढे मान लववलीच पाहिजे.

फूट

छळ संपला आणि भांडण सुरू झाले. ३११ च्या सुमारास कार्थेजला केसिलियन नावाचा नवा बिशप निवडला गेला. त्याला दीक्षा देणाऱ्यांत फेलिक्स नावाचा एक बिशप होता. ‘फेलिक्सने ग्रंथ हवाली केले होते, म्हणून त्याचे हात अपवित्र, म्हणून केसिलियनची दीक्षा खोटी, म्हणून केसिलियन ज्यांना बाप्तिस्मा देईल तोही खोटा’, अशी तर्काची साखळी विरोधकांनी जोडली. नुमिडिया प्रांतातील सत्तर बिशपांनी जमून केसिलियनला अमान्य केले आणि दुसरा बिशप नेमला. त्याच्यानंतर डोनेटस हा आला. त्याच्या नावावरून या पक्षाला विरोधक ‘डोनेटसपंथी’ म्हणू लागले.

सरकारी चौकशी झाली आणि ३१५ साली फेलिक्स निर्दोष ठरला. त्याच्याविरुद्धचा कागद बनावट निघाला. पण तोवर गावागावांत दोन चर्च, दोन बिशप झाले होते. आणि गंमत अशी, की डोनेटसच्या पक्षातील सिल्व्हॅनस नावाच्या बिशपवर ३२० साली खटला चालला, तेव्हा सिर्टाच्या त्या झडतीत हा गृहस्थ स्वतःच चांदीच्या वस्तू काढून देत होता असे उघड झाले! वर सांगितलेला पंचनामा आज आपल्याला वाचायला मिळतो तो याच खटल्यामुळे.

डोनेटसपंथीयांबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. त्यांचा इतिहास मुख्यतः त्यांच्या शत्रूंनी लिहिला आहे. हे लोक पुष्कळसे खेड्यापाड्यांतले होते. डब्ल्यू. एच. सी. फ्रेंड या इंग्रज इतिहासकाराने १९५२ साली लिहिलेल्या ग्रंथात या चळवळीमागे गरीब शेतकऱ्यांचा असंतोष दाखवला. पुढच्या अभ्यासकांनी त्याची मते सगळीच मान्य केली नाहीत. पण सावकारांवर आणि जमीनदारांवर चालून जाणाऱ्या दंडुकेवाल्या टोळ्या त्यांच्यात होत्या, हे त्यांचे विरोधकच सांगतात. सम्राटाला चर्चशी काय कर्तव्य आहे, हा डोनेटसचा सवाल तर आजही ताजा आहे. फक्त एवढे विसरू नये, की ३१३ साली सम्राट कॉन्स्टन्टाईनकडे न्याय मागायला आधी गेले ते त्याच्याच पक्षाचे लोक.

विटाळाची कल्पना

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. डोनेटसपंथीयांची मूळ भावना उदात्त होती : ज्याने विश्वासघात केला त्याने पुढारी होऊ नये. ही मागणी रास्तच आहे. सिप्रियनच्या सभेनेही पडलेल्या पुरोहिताला सामान्य सभासद म्हणूनच परत घेतले होते. पण डोनेटसपंथी तेथे थांबले नाहीत. दोष हा संसर्गाने पसरतो असे त्यांनी मानले. फेलिक्सचा दोष केसिलियनला लागला, केसिलियनचा त्याच्या सर्व अनुयायांना लागला, आणि त्यांच्याशी संबंध ठेवणाऱ्या समुद्रापलीकडच्या चर्चनाही लागला. शंभर वर्षांनी जन्मलेले मूलदेखील त्या दोषाचे वारसदार ठरले! दुसऱ्या पक्षातून कोणी त्यांच्याकडे आला, की त्याला नव्याने बाप्तिस्मा घ्यावा लागे.

मिलेव्हिसचा बिशप ऑप्टेटस याने ३६६ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात सांगितले आहे की, दुसऱ्या पक्षाचे चर्च ताब्यात आले की हे लोक तेथील वेदी फोडीत किंवा खरवडीत, प्याले वितळवीत आणि भिंती धुऊन काढीत.

भिंती धुऊन काढीत! वाचकहो, हे वाक्य वाचल्यावर तुमच्या-माझ्या मनात काय येते ते मी सांगायला हवे का? ज्यांच्या सावलीने विटाळ होई, ज्यांनी पाण्याला हात लावल्यावर १९२७ साली महाडच्या तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले, त्यांना या कल्पनेचे खरे रूप दुसऱ्या कोणी समजावून देण्याची गरज नाही. दोष कृतीत असतो. कृती ज्याची त्याची असते. तो स्पर्शाने, रक्ताने किंवा पंगतीने पसरतो असे म्हणताच नीती संपते आणि विटाळ सुरू होतो. सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना जातिभेद ठाऊक नव्हता. शुद्धतेच्या नादाने ते स्वतःच्याच पायांनी त्या वाटेला लागले.

ऑगस्टीनचे उत्तर

या मताचे खंडन ऑगस्टीनने केले. तो ३५४ साली आजच्या अल्जीरियातील थागास्ते गावी जन्मला, ३८७ साली मिलान येथे त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे हिप्पो बंदराचा तो बिशप होता. आयुष्याची उमेदीची वर्षे दुसऱ्या पंथांत घालवून तो ख्रिस्ती झाला होता. चुकत-माकत येणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते.

त्याचा पहिला युक्तिवाद असा : दीक्षा देणाऱ्याचे मन शुद्ध असेल तरच दीक्षा खरी, असे मानले तर कोणाचीच दीक्षा निश्चित राहणार नाही. कारण दुसऱ्याच्या मनात शिरून कोण पाहणार? आज साधू दिसणारा उद्या भोंदू निघाला, तर त्याने दीक्षा दिलेल्या हजारो निष्पाप लोकांनी काय करायचे? म्हणून बाप्तिस्मा हा देणाऱ्याचा नाही, ख्रिस्ताचा आहे. दगडी पाटातून पाणी वाहिले तर पाट दगडाचाच राहतो, पण वाफ्याला पाणी मिळते, असा दृष्टान्त त्याने दिला. मध्ययुगात या विचाराला ‘एक्स ओपेरे ओपेराटो’, म्हणजे ‘केलेल्या विधीच्याच बळावर’, असे शास्त्रीय नाव मिळाले.

दुसरा युक्तिवाद बायबलच्या अर्थावरून होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात गव्हाच्या शेतात शत्रूने निदण पेरल्याचा दाखला आहे. चाकर म्हणतात, आताच उपटून काढू. मालक म्हणतो, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, नाहीतर निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. डोनेटसपंथी म्हणत की, शेत म्हणजे जग. चर्चमध्ये निदण नकोच. ऑगस्टीन म्हणे की, चर्चही असेच मिश्र आहे, आणि निवडानिवडीचा अधिकार माणसाला नाही. विशेष म्हणजे चर्च मिश्र असते हा विचार त्याच्या आधी टायकोनियस नावाच्या विद्वानाने मांडला होता, आणि तो डोनेटसपंथी होता! त्याच्याच पक्षाने त्याला दोषी ठरवले. त्याने बायबलचा अर्थ लावण्याचे सात नियम लिहिले. ते विरोधी पक्षाच्या ऑगस्टीनने आपल्या ग्रंथात आदराने घेतले. सत्य शत्रूच्या घरी सापडले तरी घ्यावे, एवढा मोठेपणा ऑगस्टीनकडे होता.

येथवर ऑगस्टीन आपल्याला पटतो. पण गोष्ट येथे संपत नाही.

दारामागची काठी

सुरुवातीला ऑगस्टीन बळजबरीच्या विरुद्ध होता. वाद करावा, पत्रे लिहावी, पटवून द्यावे. धाकाने आणलेले लोक खोटे कॅथलिक होतील, असे तो म्हणे. पण ४०५ साली सम्राट होनोरियसने डोनेटसपंथीयांविरुद्ध कडक फर्मान काढले आणि लोक भराभर बाजू बदलू लागले. ऑगस्टीनचे स्वतःचे गाव थागास्ते कायद्याच्या भीतीने कॅथलिक झाले होते. सहकाऱ्यांनी त्याला हेच उदाहरण दाखवले. ४०८ च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात आपले मत बदलल्याचे तो सांगतो. भीतीने आलेले लोक पुढे सत्य पटून राहिले, आपले आभार मानू लागले, असे त्याचे म्हणणे.

यासाठीही त्याने बायबलचा आधार काढला. लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीची गोष्ट आहे. बोलावलेले पाहुणे येत नाहीत, तेव्हा यजमान चाकराला वाटेवरच्या लोकांना आग्रहाने, भाग पाडून आत आणायला सांगतो. ऑगस्टीनने या ‘भाग पाडण्या’चा अर्थ सरकारी सक्ती असा घेतला. बाप्तिस्म्याला तो सैनिकाच्या अंगावरील शिक्क्याची उपमा देई : सैनिक पळून गेला तरी शिक्का पुसला जात नाही. म्हणून परत आलेल्याला पुन्हा शिक्का मारायचा नाही. किती उदार विचार! पण त्याच उपमेचे दुसरे टोक पाहा : शिक्का आहे म्हणजे तो आमचा आहे, आणि पळालेल्या सैनिकाला धरून आणण्याचा सेनापतीला हक्क आहे. ज्या विचाराने दार उघडले, त्याच विचाराने दारामागे काठी ठेवली.

जून ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही पक्षांची मोठी परिषद भरली. एका बाजूला २८६ बिशप, दुसऱ्या बाजूलाही जवळपास तितकेच. अध्यक्षस्थानी सम्राटाचा अधिकारी मार्सेलिनस. निकाल डोनेटसपंथीयांच्या विरुद्ध गेला. ४१२ च्या जानेवारीत कायदा झाला. त्यात श्रीमंतांना त्यांच्या दर्जाप्रमाणे सोन्याचा दंड होता, आणि जमिनीला बांधलेल्या कुळांना वारंवार फटके होते. धर्माच्या नावाने होणाऱ्या शिक्षेतही गरिबाची पाठ आणि श्रीमंताची थैली असा भेद असतोच! ऑगस्टीनने देहदंड देऊ नका, छळ करू नका, अशी पत्रे अधिकाऱ्यांना लिहिली, हेही सांगितले पाहिजे. पण काठी एकदा दुसऱ्याच्या हाती दिली, की ती किती जोरात पडावी हे आपल्या हाती राहत नाही. ४२० च्या सुमारास टिमगाड शहरी गौडेन्टियस नावाच्या डोनेटसपंथी बिशपने, चर्च घ्यायला आलात तर माझ्या लोकांसह मी येथेच जळून मरेन, असा निरोप पाठवला होता.

आणि हे सर्व करून एकी झाली का? पोप ग्रेगरीला ५९० नंतरच्या दशकातही आफ्रिकेतील डोनेटसपंथीयांबद्दल तक्रारीची पत्रे लिहावी लागत होती. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनीही काठीने काम पुरे केले नव्हते. पुढे तेथे इस्लाम आला, आणि सिप्रियन-ऑगस्टीनची ती एके काळची भरभराटीची चर्चे काही शतकांत नामशेष झाली. त्याची कारणे अनेक होती.

काठीचा लांब पल्ला

ऑगस्टीनच्या पत्रांचे आयुष्य त्याच्यापेक्षा लांब निघाले. १६८५ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने प्रॉटेस्टंटांना दिलेले संरक्षण काढून घेतले. त्यांच्या घरांत सैनिक उतरवून त्यांना धर्म बदलायला लावले जात होते. त्याच वर्षी ऑगस्टीनची ती पत्रे फ्रेंचमध्ये छापून, आफ्रिकेच्या चर्चने केले तेच आम्ही करतो आहोत, असा दावा करण्यात आला. याला उत्तर दिले ते पिअर बेल या विचारवंताने. त्याचा भाऊ त्याच १६८५ साली धर्मासाठी तुरुंगात मरण पावला होता. स्वतः बेल तरुणपणी १६६९ साली कॅथलिक झाला आणि दुसऱ्याच वर्षी प्रॉटेस्टंट धर्मात परतला; म्हणजे तोही एक ‘पाय घसरलेला’च. त्याने १६८६ साली लूकमधील त्या शब्दांवरच ग्रंथ लिहिला. त्याचा मुद्दा साधा होता : ज्या अर्थाने अन्याय करावा लागतो, तो अर्थ चुकीचाच असला पाहिजे. धाकाने माणसाचे हात जोडले जातात, गुडघे टेकले जातात. पण मनाला पटणे ही गोष्ट धाकाने होत नाही.

आपल्या शेजारी गोव्यातही हा पल्ला पोहोचला. १५६० साली तेथे इन्क्विझिशनचे न्यायालय बसले. एकदा बाप्तिस्मा झाला, की तो मनापासून घेतलेला असो वा दबावाने, माणूस चर्चच्या शिस्तीखाली आला. मग घरात जुना आचार दिसला तर तो गुन्हा. १७३६ च्या जाहीरनाम्याने नवख्रिस्ती घरांतील लग्नाच्या जुन्या चालीरीतींवर आणि अंगणातील तुळशीवरही बंदी घातली. हे न्यायालय कायमचे बंद झाले ते १८१२ साली. म्हातारीच्या अंगणातल्या रोपट्यासाठी न्यायालय! धर्म इतका दुबळा झाला, की तो तुळशीला भ्यायला लागला.

आपण काय घ्यावे?

बंधू-भगिनींनो, ही परक्या देशाची, परक्या धर्माची गोष्ट मी दोष काढण्यासाठी सांगितली नाही. त्या लोकांनी पुष्कळ सोसले आणि पुष्कळ विचार केला. मी शिक्षक आहे. दुसऱ्याच्या वहीतले गणित पाहून आपले गणित तपासावे, एवढाच माझा हेतू आहे.

पहिली गोष्ट. दोष हा विटाळ नव्हे. ज्या घरी अजून नवस चालतो, त्या घरच्या भाकरीने धम्म बाटत नाही. त्या घरच्या मुलीच्या लग्नाला आपण गेलो नाही, तर तिला वंदना शिकवणार कोण? ज्या शब्दाने आपल्या आजा-पणज्यांना गावाबाहेर ठेवले, तो ‘बाटला’ हा शब्द आपल्या तोंडी शोभत नाही.

दुसरी गोष्ट. कोणी तरी विचारते, ‘ज्यांच्या हातून दीक्षा घेतली त्यांचेच वर्तन चांगले नव्हते, मग माझी दीक्षा खरी का?’ ऑगस्टीनला यासाठी पाटाच्या पाण्याचा दृष्टान्त द्यावा लागला. आपल्याकडे तर अंगावर शिक्का मारणारा विधीच नाही. प्रतिज्ञा आपल्या तोंडाने आपण म्हटली. ती खरी करणेही आपल्याच हाती आहे. म्हणून देणाऱ्याच्या दोषाने ती खोटी होत नाही, आणि देणाऱ्याच्या थोरवीने ती आपोआप पाळलीही जात नाही. जो पुढारी म्हणून उभा राहतो त्याच्याकडून मात्र चोख वर्तनाची अपेक्षा ठेवलीच पाहिजे. ढळलेल्या पुढाऱ्याला पद सोडायला सांगणे आणि चुकलेल्या गरिबाला वाळीत टाकणे, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पुष्कळदा नेमके उलट करतो : पुढाऱ्याला हार घालतो आणि म्हातारीला जाब विचारतो.

तिसरी गोष्ट. काठी नको. बैठकीचा दंड, धमकी, चारचौघांत केलेला अपमान यांनी टाक कणगीतून निघून माळ्यावर जातील, मनातून जाणार नाहीत. जो भीतीने आज आपल्याकडे आला, तो मोठी भीती दिसताच उद्या दुसरीकडे जाईल. अंगारा आणणाऱ्या बाईला जाब विचारण्याआधी एवढे पाहा, की त्या रात्री तिच्या मुलाला डॉक्टरकडे न्यायला आपल्यापैकी कोण धावला होता? भीतीची जागा सोबतीने भरली, तर जुना देव आपण होऊन जागा सोडतो.

चौथी गोष्ट, आणि ती पहिल्या तिन्हींइतकीच खरी. दार उघडे ठेवणे म्हणजे चूक झाकणे नव्हे. सिप्रियनने पडलेल्यांना परत घेतले, पण पडलात हे त्यांना स्पष्ट सांगितले. प्रत्येकाची परिस्थिती विचारली : कोणी भीतीने केले, कोणी लाचारीने, कोणी लोभाने? आपणही विचारावे. पोटासाठी कागदावर खोटे लिहिणारा, आजाऱ्यापायी घाबरलेली आई आणि मानपानासाठी जत्रेत मिरवणारा सुखवस्तू माणूस, हे तिघे एकाच तराजूत बसत नाहीत. आईला आधार द्यावा, पोटासाठी लिहिणाऱ्याला समजून घ्यावे, आणि त्या सुखवस्तू माणसाला त्याच्या घरी जाऊन, चहा पिऊन, तोंडावर खरे सांगावे.

येत्या पौर्णिमेला विहारात जाल, तेव्हा आपल्या वस्तीतील कोणते घर बरेच दिवस दिसले नाही ते आठवा. त्या घराच्या दारावर जा. जाब विचारू नका, दंडाची पावती नेऊ नका. ‘दादा, बाई, आज वंदनेला येता ना?’ एवढेच विचारा. नाही म्हणाले तर पुढच्या पौर्णिमेला पुन्हा विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!